ॲलनटाउनचे डायनासोर

पेनसिल्व्हेनियातल्या ॲलनटाउनला ऑगस्टच्या सुरुवातीला लागोपाठ दोन रात्री ड्रम कोरचे, म्हणजे मैदानात चालत पितळी वाद्यं आणि ड्रम वाजवणाऱ्या पथकांचे, सामने होतात. त्या दोन्ही रात्री हायस्कूलच्या जुन्या काँक्रीटी स्टेडियममध्ये एक ठरावीक जमात हजर असते. वय साठीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, अंगात केव्हाच बंद पडलेल्या कुठल्यातरी पथकाचा विटका टी-शर्ट, बसायला घरून आणलेली उशी. पहिलं पथक मैदानात उतरतं, सिंथेसायझरचा पहिला घुमारा येतो, आणि यांच्यातला कुणीतरी लगेच कानात बोटं घालतो. बाकीचे यांना डायनासोर म्हणतात. तेही स्वतःला डायनासोरच म्हणवतात, आणि तेही जरा तोऱ्यात.

मला या नादाला लावलं आमच्या शेजारणीने. ती वयाने माझ्या आईच्या जवळची. आमच्या घरात तिला सगळे शेजारची आजी म्हणतात. बोस्टनजवळ वाढलेली. सत्तरच्या दशकात तिकडे कॅथलिक पॅरिशांची, म्हणजे एकेका चर्चच्या वस्तीची, आणि माजी सैनिकांच्या अमेरिकन लीजनच्या शाखांची पथकं गल्लोगल्ली होती, त्यांतल्याच एका पॅरिशच्या पथकात ती रायफल फिरवायची. तिच्या गॅरेजमध्ये ती रायफल अजून खुंटीला आहे. लाकडी, पांढरी रंगवलेली, नळी नाही की घोडा नाही, दस्ता टेपच्या थरांनी जाड झालेला. टेप जिथे सुटलीय तिथे लाकडाचे टवके उडालेले दिसतात. गॅरेजच्या छताला एक खळगा आहे, तो कसा पडला हे ती पाहुण्यांना सांगत नाही. मला सांगितलंय.

ज्यांनी ड्रम कोर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पितळी वाद्यं, ड्रम, आणि झेंडे, रायफली, तलवारी फिरवणारं कलर गार्ड. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन वर्ज्य, आजही. दीडशेच्या आसपास मुलं शंभर यार्डांच्या फुटबॉल मैदानावर अकरा-बारा मिनिटं धावत, वळत, एकमेकांच्या अंगाला घासून जात वाजवतात. मुख्य गटात बाविशी उलटली की बाहेर. मेच्या अखेरीपासून ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बसने देशभर फिरायचं, शाळांच्या जिममध्ये फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम, रात्री सामना. शेवटी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये अंतिम फेरी. हे सगळं चालवणारी संस्था ड्रम कोर इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय.

शेजारच्या आजीच्या काळातलं गार्ड म्हणजे जवळजवळ परेड. राष्ट्रध्वज मैदानात आणायचा, त्याला मानवंदना द्यायची, त्याच्या दोन्ही बाजूंना रायफलवाल्या मुली ताठ. मान हलली तरी चूक. तेव्हाची परीक्षणाची पद्धत म्हणजे 'टिक'. परीक्षक मैदानात मुलांच्या मधून हिंडायचे आणि दिसली चूक की मारली खूण, गेला एक दशांश गुण. म्हणजे शंभरातून उणे करत जायचं. काही सामन्यांत तर वाजवण्याआधी सगळ्यांना रांगेत उभं करून बुटांचं पॉलिश आणि कोटाची बटणं तपासायचे. आजी म्हणते, "एकदा माझ्या बुटावर गवताची काडी चिकटली होती, त्या काडीने आमचा नंबर घालवला." मला हे थोडं रंगवलेलं वाटतं, पण रायफल हातात घेऊन ती सांगते तेव्हा वाद घालायची सोय नसते.

आता या बाईने जुन्याची आरती ओवाळायला हवी की नाही? पण आजच्या कलर गार्डवर तिचा जीव आहे. मुली-मुलगे नर्तकांसारखे धावतात, जमिनीवर लोळतात, सहा-सात फेरे मारून खाली येणारी रायफल पाठमोरे असताना झेलतात. हातात पडतानाचा तो 'थप' आवाज आला की ती पुटपुटते, "आम्हाला हे करू दिलं असतं तर!" टिकची पद्धत 1984 साली गेली आणि गुण वजा करण्याऐवजी जमा करायला लागले, याबद्दल ती पाद्र्यांइतकीच परीक्षकांची ऋणी आहे. कारण टिकच्या काळात अवघड काही करायचं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. जो कमी करेल त्याचे कमी कापले जाणार.

म्हणजे डायनासोर सगळ्याच बदलावर दात खाऊन असतात हे खरं नाही. त्यांच्यात पुष्कळ पोटजाती आहेत. कुणी बिगुलवाला, कुणी ड्रमवाला, कुणी गार्डवाली. प्रत्येकाचा राग वेगळ्या सालावर.

बिगुलवाल्यांचं दुखणं सर्वांत जुनं. ही पथकं मुळात 'जी' (G) या सुरातल्या बिगुलांवर वाजवायची, ज्यांना सुरुवातीला स्वर बदलायच्या धड कळाही नव्हत्या. पुढे एक पिस्टन आणि एक रोटर, म्हणजे फिरती कळ, त्यावर ओढूनताणून सगळे स्वर काढायचे. 1977 ला दोन पिस्टनांची परवानगी आली, 1990 ला तीन, आणि 2000 सालापासून कुठल्याही सुरातली पितळी वाद्यं चालू लागली. 2014 ला ट्रॉम्बोनही आले. सुराच्या दृष्टीने याहून चांगलं काय? जुनी रेकॉर्डिंगं ऐका, पन्नास-साठ बिगुल आणि तेवढेच 'सा'. पण ते सगळे एकदम पुढच्या रेषेवर येऊन थांबायचे आणि फुफ्फुसं रिकामी होईपर्यंत फुंकायचे, तेव्हा जो आवाज यायचा त्याला गोडी नव्हती, धार होती. या थांबून गर्जण्याला इथे 'पार्क अँड बार्क' म्हणतात. नावात चेष्टा आहे, पण ती करणारेही अशा वेळी उभे राहून ओरडतात.

हे बदल का झाले ते डीसीआयच्या जन्मातच आहे. सामने भरवणारे होते माजी सैनिकांच्या संघटना, आणि नियमही त्यांचेच. 1971 मध्ये ब्लू स्टार्स, कॅव्हलियर्स, मॅडिसन स्काउट्स, सांता क्लारा व्हॅनगार्ड आणि ट्रूपर्स या पाच पथकांनी एकजूट केली. आम्ही काय वाजवायचं आणि कसं चालायचं ते आम्ही ठरवू, अशी त्यांची मागणी. 1972 साली विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावात पहिली अंतिम स्पर्धा झाली, ती ॲनाहाइम किंग्समनने जिंकली. ज्या काळाला आजचे म्हातारे सुवर्णकाळ म्हणतात तो काळ असा बंड करूनच आलेला.

आणि मग बंडावर बंड. 1983 ला गारफिल्ड कॅडेट्सने मैदानाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखी आकृती काढायची जुनी शिस्तच मोडली. जॉर्ज झिंगालीने आखलेल्या चालींत रांगा वितळायच्या, वळायच्या, कुठून कुठे गेल्या ते डोळ्याला कळायचं नाही. त्यांनी लागोपाठ तीन वर्षं अजिंक्यपद नेलं आणि पुढची सगळी पथकं त्यांच्यामागे गेली. 1993 ला स्टार ऑफ इंडियाना बार्टोक आणि बार्बर या विसाव्या शतकातल्या संगीतकारांचं संगीत घेऊन आले. कोरडं, टोकदार, टाळीची जागा कुठे सापडेना असं. लोकांनी हुर्यो उडवली. अंतिम फेरीत कॅडेट्स 97.4, स्टार 97.3. त्यानंतर स्टारने स्पर्धाच सोडली, रंगमंचाकडे वळले आणि त्यांचा 'ब्लास्ट' हा प्रयोग 2001 ला ब्रॉडवेवर जाऊन टोनी हा नाट्यपुरस्कार घेऊन आला. आज ॲलनटाउनच्या पायऱ्यांवर विचारा, 1993 च्या स्टारला हुर्यो करणारा एकही माणूस सापडणार नाही. सगळे म्हणे तेव्हाच भारावले होते.

इथपर्यंत आलं की तरुण मंडळी जिंकल्यासारखी बघतात. माझी लेक त्यांतलीच. ती शाळेच्या बँडमध्ये मेलोफोन हे पितळी वाद्य वाजवते आणि तिचं म्हणणं साधं आहे. "आई, तुम्ही लोक प्रत्येक नव्या गोष्टीला आधी नाक मुरडता आणि वीस वर्षांनी तिचेच गोडवे गाता. मग सिंथेसायझरचेही गोडवे गाल." युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण मला तो पटत नाही, आणि का पटत नाही हे मला शेजारच्या आजीपेक्षा नीट सांगता येतं असं मला वाटतं.

2004 ला ध्वनिवर्धक आले, 2009 ला इलेक्ट्रॉनिक वाद्यं. याच्या आधीचे सगळे बदल एका गोष्टीला हात लावत नव्हते: मैदानावर जे वाजतंय ते वाजवणाऱ्याच्या अंगातून थेट माझ्यापर्यंत येतं. मैदानाची रुंदी जवळजवळ एकोणपन्नास मीटर. आवाजाला तेवढं अंतर कापायला सेकंदाचा सातवा हिस्सा लागतो. ऐकायला काहीच नाही, पण मिनिटाला 180 ठोक्यांची लय असेल तर मागच्या रेषेवरचा ड्रमर आणि पुढच्या रेषेवरची मरिंबा (काठ्यांनी वाजवायचं लाकडी पट्ट्यांचं वाद्य) यांच्यात जवळपास अर्ध्या मात्रेची फट पडते. ती फट ही मुलं अंगावर घेतात. मागचे ड्रमर समोर उभं राहून हातांनी लय दाखवणाऱ्या ड्रम मेजरच्या हातांवर डोळा ठेवतात. पुढचा मरिंबावाल्यांचा ताफा मात्र हातांकडे बघतच नाही. तो मागून येणारा आवाज कानाने पकडतो आणि त्याच्याबरोबर वाजवतो. दोघांनी एकाच क्षणी वाजवलं तर आम्हाला फाटलेलं ऐकू येईल. दोघांनी वेगवेगळ्या क्षणी वाजवलं, अगदी मोजून वेगळ्या, तर आमच्या पायरीवर येऊन ते एक होतं. मला पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मी पुढची दोन पथकं फक्त मरिंबा वाजवणाऱ्यांच्या माना बघत होते. सगळ्यांचे कान मागे.

आता पुढच्या रेषेच्या मधोमध मोठाले स्पीकर उभे असतात. सोलो वाजवणाऱ्याच्या अंगावर मायक्रोफोन. तो डाव्या कोपऱ्यात असतो आणि आवाज मधून येतो, म्हणून मी मैदानभर नजर फिरवत त्याला शोधत बसते. ट्यूबांच्या, म्हणजे सर्वांत खर्जातल्या पितळी वाद्यांच्या, खाली सिंथचा खर्ज सरकवलेला असतो, इतका की ट्यूबा वाजतायत की नाही ते कळत नाही. या दणदणीत चिकट खर्जाला इथले चाहते 'थंडरस गू' म्हणतात. मराठी कानाला ते नाव फारच अचूक बसतं, पण घरी मुलांसमोर उच्चारायची चोरी.

मी पुण्यात वाढले. लक्ष्मी रोडवर ढोल-ताशाचं पथक छातीवरून जाणं आणि मागोमाग डीजेची भिंत येणं यातला फरक मला कुणी समजावून द्यायला नको. दोन्हीने छाती हादरते. एकात पन्नास जणांचे खांदे दुखत असतात, दुसऱ्यात एकाचं बोट.

लेकीला हे सांगितलं तर ती म्हणते, पण मरिंबाचं काय? आणि तिथे मात्र माझी पंचाईत होते, कारण तिचा मुद्दा खरा आहे. फार पूर्वी ही मुलं झायलोफोन आणि टिंपनी गळ्यात अडकवून चालायची. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ती वाद्यं पुढच्या रेषेवर जमिनीवर ठेवायला मिळाली आणि मुलांच्या पाठी वाचल्या. तरी एवढ्या पितळेपुढे मरिंबा ऐकू यावी म्हणून दगडासारख्या कडक काठ्या घेऊन ती बडवावी लागायची. लाकडी पट्ट्यांचं ते मऊ वाद्य बडवून बडवून वाजवायला शिकलेली मुलं पुढे संगीत महाविद्यालयात गेली की आधी ते विसरायला शिकायची. मायक्रोफोन आल्यावर मऊ काठ्या आल्या, चार काठ्यांची नाजूक वादनं आली, आवाज वाद्यासारखा झाला. 2014 च्या 'टिल्ट' या कार्यक्रमात ब्लूकोट्स पथकाने सिंथचा सूर असा घसरवला की पितळेचा आख्खा ताफाच तिरका झाल्याचा भास झाला, आणि मी, जी लक्ष्मी रोडची एवढी फुशारकी मारतेय ती, आ वासून ऐकत राहिले. सिंथशिवाय ते झालंच नसतं. गुणांत 40 टक्के वाटा एकंदर परिणामाचा असतो. असा परिणाम हाताशी असताना कोण सोडेल?

उलट कॅडेट्सचं बघा. 1983 ला ज्यांनी जग बदललं त्यांनीच 2006-07 च्या सुमारास मुलांच्या हातात माईक देऊन निवेदन सुरू केलं. कार्यक्रमभर बोलणं. अशा वेळी डायनासोर आणि तरुण यांच्यात दुर्मीळ एकी दिसली: दोघांनाही ते नको होतं. ते पुढे ओसरलंही. तेव्हा आलेलं सगळंच मुरतं असं नाही.

तरी मला कधीकधी वाटतं, आमचं सगळं भांडण स्पीकरवर येऊन अडतं ते तो ऐकू येतो म्हणून. आजीचं पॅरिशचं पथक बंद पडलं त्याचा आवाज कुणालाच आला नाही. सत्तरच्या दशकात देशभर शेकडो पथकं होती. रविवारच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या तळघरात बिगुल वाटायचे, ज्याला सूर लागत नाही त्याला झेंडा, ज्याला झेंडाही जमत नाही त्याला झांज. वर्गणी म्हणजे केक विकून जमवलेली. एक घर सोडून दुसऱ्या घरातली मुलं, गिरणी कामगारांची, पोलिसांची. आज डीसीआयचा वर्ल्ड क्लास, म्हणजे मुख्य गट, विसेक पथकांचा. एका उन्हाळ्याचे चार-पाच हजार डॉलर आणि वर, शिवाय हिवाळ्यातल्या शिबिरांची विमानतिकिटं, शिवाय अख्खा उन्हाळा कमाई नाही. वाजवणारे बहुतेक संगीत शिकणारे, टेक्ससचा मुलगा ओहायोच्या पथकात, कॅलिफोर्नियाची मुलगी बोस्टनच्या. वाजवतात अफाट. आजीच्या पॅरिशमधल्या एकालाही आज कुठल्याच पथकाने उभं केलं नसतं, तिच्यासकट. हे तीच सांगते.

होली नेम चर्चच्या आसऱ्याने 1934 साली गारफिल्ड, न्यू जर्सीत सुरू झालेले कॅडेट्स 2024 ला संपले. जुन्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरचा खटला आणि त्याने पेलवेनासा झालेला पैशाचा भार, असं कारण बाहेर आलं. ही बातमी आली त्या संध्याकाळी आजी आमच्याकडे आली, चहा घेतला, आणि अपेक्षेपेक्षा फारच कमी बोलली. "त्या मुलींचं आधी ऐकायला हवं होतं," एवढंच. जुन्या दिवसांबद्दल हळवं होताना ती हे कधी गाळत नाही, म्हणून मला तिचं हळवं होणं चालतं.

अलीकडे डायनासोरांनी एक पळवाट शोधलीय. ते स्टेडियममध्ये उशिरा जातात. संध्याकाळी पथकं शेजारच्या पार्किंगमध्ये नाहीतर गवतावर सराव करत असतात, तिथे ही जमात घडीच्या खुर्च्या टाकून बसते. स्नेअर ड्रमची एक ओळ, आठ-दहा जण, उजव्या हाताचे आठ ठोके, डाव्याचे आठ. काठ्या एकाच उंचीला उठतात, एकाच क्षणी पडतात, कडक ताणलेल्या कातड्यावर दहा जणांचा एक ठोका. कातडं हे आपलं म्हणायचं. चिलखताला वापरतात तसल्या धाग्याचं असतं ते. तीन फुटांवर उभं राहिलं तर घामाचा वास येतो आणि एखाद्या पोराची मनगटाला गुंडाळलेली टेप सुटून लोंबताना दिसते. मध्ये काहीच नाही. मेट्रोनोमचा एक स्पीकर कर्कश टकटकत असतो तेवढा, त्याला आजी माफ करते. मजा म्हणजे तिथे आमच्या दुप्पट गर्दी शाळकरी पोरांची असते, फोन उंच धरून, स्वतःच्या मांडीवर तेच ठोके वाजवत. माझी लेकही त्यांतच असते. थेट आवाजाची भूक फक्त म्हाताऱ्यांनाच लागते असं काही नाही.

मग तिकिटांचा वाद. परंपरेने भारी जागा म्हणजे मधल्या रेषेसमोर, उंचावर. तिथून चाली रेखल्यासारख्या दिसतात. आम्ही आता मुद्दाम कोपऱ्यात बसतो. स्पीकरांचं तोंड मधे, त्यामुळे कोपऱ्यात पितळ जरा उघडं ऐकू येतं, आणि एखादी ओळ आमच्या दिशेला वळून फुंकते तेव्हा केस उडतात. चाली तिरप्या दिसतात. दिसू देत. तिकीटही स्वस्त पडतं.

2025 ची अंतिम फेरी आम्ही घरीच टीव्हीवर पाहिली. टीव्हीवर म्हणजे सगळंच स्पीकरमधून, हे मी आजीला आठवण करून दिलं, ती म्हणाली, "गप बस." कारण बोस्टन क्रुसेडर्स मैदानात आले होते. बोस्टनमधल्या हाइड पार्कच्या मोस्ट प्रेशस ब्लड पॅरिशमधून 1940 ला निघालेलं पथक. आजीच्या लहानपणी हे शेजारच्या मोठ्या पोरांचं पथक होतं. डीसीआय सुरू झाल्यापासून 1999 पर्यंत ते पहिल्या बारांतही आलं नव्हतं, डीसीआयचं अजिंक्यपद तर कधीच नाही. त्या रात्री त्यांच्याकडे होते ते सगळे प्रकार, ज्यांच्यावर ती उन्हाळाभर तोंडसुख घेत होती: स्पीकर, सिंथ, मायक्रोफोन, मैदानभर सरकणारा रंगमंचाचा पसारा. निकाल उलट्या क्रमाने पुकारले गेले. दुसरा क्रमांक ब्लूकोट्सचा म्हटल्यावर ती एवढ्या जोरात ओरडली की आमचा कुत्रा कोचाखाली गेला. लेकीने तिला मिठी मारली. मी विचारलं, यातली बोस्टनची पोरं किती असतील? ती डोळे पुसत म्हणाली, "चारेक असतील. मला काय फरक पडतो?"

पाचच मिनिटांत तिच्या जुन्या पथकातल्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले. एक फ्लोरिडाहून, एक न्यू हॅम्पशरहून. पहिला अर्धा तास नुसतं रडणं आणि हसणं. मी भांडी घासायला उठले तेव्हा स्वयंपाकघरात ऐकू येत होतं, ती मैत्रिणीला ठणकावून सांगत होती की सगळं खरं, पण शेवटच्या दोन मिनिटांत सिंथ फारच मोठा होता, आणि रायफलची ती दुसरी झेल, चौथ्या रांगेतली, ती मुलगी जरा उशिरा आली, टिकच्या काळात गेला असता एक दशांश.